अळिंबीच्या कंपोस्टमधील खनिजे : बारामती-इंदापूरच्या उत्पादकांसाठी

उसाच्या पट्ट्यात खताची मात्रा आणि उत्पादन यांचे नाते इतके घट्ट मानले जाते की, बारामती व इंदापूर तालुक्यांतील जो शेतकरी जोडधंदा म्हणून अळिंबीकडे वळतो, त्याचा पहिला प्रश्न बहुधा कंपोस्टमध्ये कोणते खत किती मिसळावे हाच असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर उसाच्या हिशेबाने देता येत नाही. अळिंबी ही बुरशी आहे. तिला हरितद्रव्य नसल्यामुळे ती हवेतील कार्बन घेऊन स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही, तर काडातील सेल्युलोज व लिग्निन, म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील तंतुमय आणि लाकडासारखे कठीण द्रव्य, विकरांच्या साहाय्याने विरघळवून त्यावर जगते. तिच्या पोषणात खनिजांना स्थान आहेच, मात्र ते मुख्यतः दोन प्रकारचे आहे : काही खनिजे ती प्रत्यक्ष शोषून घेते, तर काही खनिजे कंपोस्टची घडण, सामू आणि अमोनिया यांवर परिणाम करून तिला वाढण्याजोगी जागा तयार करून देतात. उत्पादन वाढवण्याच्या दृष्टीने या भागात दुसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष देण्याची गरज आहे.

याची खात्री पटवण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. ताज्या बटन अळिंबीत सुमारे ९२ टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅम अळिंबीत पालाश (पोटॅशिअम) साधारण ३२० मिलिग्रॅम, स्फुरद (फॉस्फरस) ८५ मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशिअम ९ मिलिग्रॅम आणि कॅल्शिअम अवघे ३ मिलिग्रॅम असते. १०० किलो तयार कंपोस्टपासून २० किलो अळिंबी मिळाली, जे चांगले उत्पादन समजले जाते, तर त्या मालाबरोबर सुमारे ६४ ग्रॅम पोटॅशिअम, १७ ग्रॅम फॉस्फरस आणि अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक कॅल्शिअम बाहेर जाते. त्या १०० किलो कंपोस्टमध्ये ६८ टक्के ओलावा धरला तर ३२ किलो शुष्क भाग उरतो, आणि गव्हाचे काड व कोंबडीखत यांच्या कंपोस्टमध्ये शुष्क वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पोटॅशिअम असल्यामुळे त्यात सहाशे ग्रॅमहून अधिक साठा आधीच असतो. पिकाची गरज त्या साठ्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी आहे. म्हणजे कोंबडीखत वापरलेल्या कंपोस्टमध्ये वरून पालाश घातल्याने अळिंबीला नवे काही मिळत नाही, क्षार मात्र वाढतात.

कॅल्शिअमचा हिशेब याहून बोलका आहे. पीक एक ग्रॅमही कॅल्शिअम नेत नाही, तरीही जगभर कोणताही जाणता उत्पादक जिप्समशिवाय बटन अळिंबीचे कंपोस्ट करत नाही. जिप्सम म्हणजे पाण्याचे दोन रेणू धारण करणारे कॅल्शिअम सल्फेट; शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २३ टक्के कॅल्शिअम व १८ टक्के गंधक असते. १९३७-३८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पायझर या संशोधकाने कंपोस्टवरील त्याचा परिणाम तपशीलवार मांडला. काड कुजताना त्यातून गोंदासारखे कलिल पदार्थ सुटतात, म्हणजे पाण्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत राहणारे चिकट पदार्थ. ते काडाच्या पृष्ठभागावर पसरून राहिले तर कंपोस्ट तेलकट, चिकट होते, त्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात आणि बुरशीचे तंतू गुदमरतात. जिप्सममधील कॅल्शिअम या कणांचे पुंजके करते, त्यामुळे काडी काडीपासून सुटी राहते, पाणी काडाच्या आत धरले जाते आणि पोकळ्यांत हवा खेळते.

नीरा खोऱ्यातील शेतकऱ्याला ही क्रिया दुसऱ्या नावाने चांगली परिचित आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाल्यानंतर काही दशकांतच कालव्याखालच्या जमिनी क्षारपड होऊ लागल्या, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील या खाऱ्या जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. मातीच्या कणांवर सोडिअम चिकटून बसलेल्या चोपण जमिनीत माती विस्कटते, चिकण होते आणि तिच्यातून पाणी मुरत नाही. तेथे जिप्सम घातल्यावर कॅल्शिअम सोडिअमला हटवून त्याची जागा घेते आणि कण पुन्हा पुंजक्यांत बांधले जातात. कंपोस्टमध्येही हेच घडते. फरक एकच आहे आणि तो उत्पादकाने कायम ध्यानात ठेवावा : शेतात सुटलेले सोडिअम चरांतून निचऱ्याच्या पाण्याबरोबर बाहेर काढून देता येते, ढिगात मात्र निचरा जवळजवळ नसतोच, कारण ओघळलेले पाणीही पुन्हा ढिगावरच शिंपडले जाते. त्यामुळे जिप्सम कंपोस्टची घडण सुधारील, पण खाऱ्या पाण्याने आलेला क्षार बाहेर काढणार नाही.

जिप्समचे दुसरे काम अमोनियाशी संबंधित आहे. युरिया आणि कोंबडीखतातील नत्र कुजताना अमोनिया बनतो आणि त्याचा काही भाग अमोनिअम कार्बोनेटच्या रूपात सामू वाढवतो. सामू म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप. तो ७ च्या वर जसजसा जातो तसतसा पदार्थ विम्ल होतो आणि अमोनिया वायुरूपाने उडून जातो. जिप्सममधील कॅल्शिअम त्या कार्बोनेटशी संयोग पावून चुनखडी बनते आणि अमोनिया सल्फेटला बांधला जाऊन ढिगातच राहतो, जेथे उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथिनात रूपांतर करतात व पुढे तेच प्रथिन अळिंबीचे खरे नत्रखाद्य ठरते. तिसरे काम बुरशीच्या स्वतःच्या स्वभावामुळे उद्भवते. बटन अळिंबीचे तंतू वाढताना ऑक्झॅलिक आम्ल बाहेर टाकतात, आणि कॅल्शिअम त्याच्याशी मिळून न विरघळणारे स्फटिक बनवते, ज्यामुळे ते आम्ल निष्प्रभ होते.

मात्रेचा विचार पद्धतीनुसार करावा लागतो. दीर्घ मुदतीच्या पद्धतीत, म्हणजे जेथे ढीग सुमारे २८ दिवस उघड्यावर पलटत ठेवतात, ३०० किलो गव्हाच्या काडामागे ३० किलो जिप्सम घालण्याचे सूत्र भारतात रूढ आहे. कमी मुदतीच्या पद्धतीत, जेथे शेवटचा टप्पा निर्जंतुकीकरणाच्या बोगद्यात पार पडतो, १,००० किलो काड, ४०० किलो कोंबडीखत, ७२ किलो गव्हाचा कोंडा, साडेचौदा किलो युरिया आणि ३० किलो जिप्सम असे प्रमाण वापरले जाते. या दुसऱ्या सूत्रात सुरुवातीचे नत्र शुष्क वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास येते आणि कंपोस्ट तयार होईपर्यंत ते सव्वादोन ते अडीच टक्क्यांवर जाते. दीर्घ पद्धतीत जिप्सम तिसऱ्या पलटणीच्या वेळी, साधारण तेराव्या दिवशी मिसळतात. सुरुवातीच्या दिवसांत सामू चढलेला असणे काड मऊ पडण्यास उपकारकच असते, म्हणून घाई करू नये. जिप्सम टोपलीने एका जागी ओतण्याऐवजी ढीग फोडून प्रत्येक थरावर भुरभुरावे, कारण ते पाण्यात फार थोडे विरघळते, लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम, आणि जेथे पडते तेथेच बहुतांशी काम करते. पावसाळी हवेत गाठी झालेले जिप्सम आधी फोडून चाळून घ्यावे. खरेदी करताना चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस पिळून पाहावा. ती जोरात फसफसली तर त्यात चुनखडीचा भाग बराच आहे असे समजावे, आणि चुनखडी कंपोस्टच्या ढिगात सामू वाढवून नेमके उलटे काम करते.

मात्रा पुरेशी झाली की नाही हे कागदावरील सूत्रापेक्षा हात अधिक नेमके सांगतो. तयार कंपोस्टची मूठ घट्ट आवळली असता बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब डोकावावेत, ओघळ लागू नये. मूठ उघडल्यावर गोळा सैल सुटावा, आणि तळहात ओला झाला तरी त्यावर तपकिरी चिकट लेप राहू नये. लेप राहिला, तर एक तर पाणी जास्त झाले आहे किंवा जिप्सम कमी पडले आहे. बीजारोपणानंतर कंपोस्टवर किंवा त्यावर पसरलेल्या आवरण मातीवर पिठासारखे पांढरे चट्टे उमटून पुढे तपकिरी होणे, ज्याला तपकिरी प्लास्टर बुरशी म्हणतात, हे अतिओल्या व जिप्सम कमी पडलेल्या कंपोस्टचेच लक्षण मानले जाते; चट्टे पांढरेच राहिले तर सामू ८ च्या वर गेला असण्याचा संभव अधिक असतो. शाईसारख्या काळ्या टोप्यांची रानटी छत्री, कोप्रीनस, उगवली तर अमोनिया पूर्ण गेलेला नव्हता. बियाणे, म्हणजे स्पॉन, मिसळण्याच्या दिवशी सामू ७.२ ते ७.५ असावा आणि कंपोस्टला अमोनियाचा वास मुळीच येऊ नये.

जुन्या सूत्रांत ३०० किलो काडामागे ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश असा उल्लेख आढळतो व अनेक प्रशिक्षणार्थी तो जसाच्या तसा वहीत उतरवून घेतात. ते सूत्र कोंबडीखताविना, कृत्रिम खते व कोंडा यांवर केलेल्या कंपोस्टसाठी बसवलेले होते, जेथे स्फुरद-पालाशाचा दुसरा स्रोत नव्हता. कोंबडीखत वापरणाऱ्याने म्युरेट ऑफ पोटॅश सरळ गाळावे. त्यात निम्म्याच्या आसपास क्लोराइड असते आणि या तालुक्यांत क्लोराइडची कमतरता कोठेच नाही. सुपर फॉस्फेट अल्प प्रमाणात चालते, कारण त्याचा मोठा भाग जिप्समच असतो, परंतु त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

आता पाण्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण बारामती-इंदापूरमध्ये कंपोस्टमधील खनिजांचा सर्वांत दुर्लक्षित स्रोत विहीर किंवा बोअर हाच आहे. पाण्यातील क्षार विद्युत वाहकतेने मोजतात व ती डेसीसायमन प्रति मीटर या एककात सांगतात; ओलिताच्या वर्गवारीत ०.७५ पर्यंतचे पाणी मध्यम क्षारतेचे आणि २.२५ च्या वरचे अतिक्षारयुक्त धरले जाते. एखाद्या विहिरीचे पाणी २.२५ वर आहे असे मानले, तर त्याच्या लिटरमागे सुमारे १.४ ग्रॅम क्षार असतात. १,००० किलो काडाचा वर सांगितलेला ढीग ७५ टक्के ओलाव्यावर आणण्यासाठी किमान ४,००० लिटर पाणी लागते, म्हणजे केवळ पाण्यातून पावणेसहा किलोच्या आसपास क्षार ढिगात उतरतात. पुढे ढीग तापून वाफ जाते, पुन्हा पाणी घातले जाते, वाफ उडते पण क्षार तेथेच राहतात. उत्पादकाने दुकानातून काहीही विकत न आणता ही भर पडलेली असते. म्हणून कोणतेही खनिज मिसळण्याचा विचार करण्यापूर्वी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. माळेगावजवळ शारदानगर येथे कृषी विज्ञान केंद्राची माती-पाणी तपासणीची सोय आहे. कालव्याचे किंवा शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी उपलब्ध असेल तर ते अळिंबीसाठी राखून ठेवावे, आणि ते सर्वत्र पुरणार नसेल तर निदान आवरण मातीसाठी व त्यानंतरच्या फवारणीसाठी तेच वापरावे, काड भिजवण्यास मध्यम क्षारतेचे विहिरीचे पाणी चालवून घ्यावे.

आवरण माती, म्हणजे बुरशी कंपोस्टभर पसरल्यानंतर वर दिला जाणारा दीड-दोन इंचांचा थर, क्षारांच्या बाबतीत कंपोस्टपेक्षा कितीतरी नाजूक असते. तिच्यात अन्न कमी असावे, पाणी धरण्याची शक्ती जास्त असावी आणि सामू ७.५ च्या आसपास असावा. क्षार वाढले तर पांढरे तंतू थरातून वर येतात, पण टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर, ज्यांना पिनहेड म्हणतात, धरत नाहीत, आणि उत्पादक तापमान किंवा बियाण्याला दोष देत बसतो. कालव्याखालच्या शेतातील माती या कामासाठी घेऊ नये. काथ्याचा भुसा वापरायचा असल्यास तो गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून निथळून घ्यावा, कारण त्यात मुळातच सोडिअम व पोटॅशिअमचे क्षार असतात. येथे चुनखडीची भुकटी उपयोगी पडते. कंपोस्टच्या ढिगात वर्ज्य ठरलेली चुनखडी आवरण मातीत सामू स्थिर राखते.

साखर कारखान्यांचे उपपदार्थ माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर या परिसरात सहज मिळतात व स्वस्त असल्यामुळे त्यांचा मोह पडतो. मळी, म्हणजे मोलॅसिस, ३०० किलो काडामागे ५ किलोपर्यंत जिवाणूंना चालना देण्यासाठी घालण्याची रीत जुनी आहे. प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात, स्फुरद, कॅल्शिअम आणि गंधक चांगले असते, परंतु तो ओला, मेणचट आणि प्रत्येक खेपेस वेगळ्या गुणाचा असतो. कोंबडीखताला पर्याय म्हणून त्यावर विसंबू नये. आसवनीचे सांडपाणी काड भिजवण्यासाठी कदापि वापरू नये, कारण त्यात पालाशाबरोबर क्लोराइड व इतर क्षारांचा मोठा भार असतो. बॉयलरची राखही टाळावी. अळिंबी कॅडमिअम, पारा यांसारखे जड धातू स्वतःत साठवून घेते, ही गोष्ट औद्योगिक गाळ किंवा अनोळखी ‘खनिज मिश्रण’ यांच्याबाबतीत विसरता कामा नये. तो माल लोकांच्या ताटात जाणार आहे.

बहुतेक लहान उत्पादकांचा संबंध बटनपेक्षा धिंगरी अळिंबीशी येईल, आणि ते योग्यही आहे, कारण धिंगरीला ढीग कुजवावा लागत नाही आणि २० ते २८ अंश तापमान तिला मानवते. येथे चित्र थोडे बदलते. उसाचे पाचट आणि चिपाड ही विपुल साधने आहेत, मात्र पाचटात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असते आणि त्याच्या पानांवरील मेणचट थरामुळे ते पाणी उशिरा घेते. ते पाच सेंटीमीटरपर्यंत बारीक करून, सोयाबीनच्या भुसकटात निम्मे मिसळून वापरणे हितावह आहे. काडातील पालाश जवळजवळ सगळाच पाण्यात विरघळणारा असल्यामुळे भिजवण्याच्या तांबूस पाण्याबरोबर त्याचा बराच भाग निघून जातो, आणि कोंबडीखत नसल्याने सूक्ष्म अन्नद्रव्यांचा साठाही अल्प असतो. निथळलेल्या काडात शुष्क वजनाच्या दोन टक्के जिप्सम मिसळल्याने काड मोकळे राहते. कोंडा किंवा सोयापेंड पाच टक्क्यांपर्यंत घालायची असेल तर केवळ रसायनात भिजवण्यावर न थांबता वाफेने किंवा गरम पाण्याने निर्जंतुकीकरण करावे, अन्यथा ते खाद्य हिरव्या बुरशीच्या उपयोगी पडते.

सूक्ष्म अन्नद्रव्यांपैकी मँगनीजचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. लिग्निन फोडणाऱ्या विकरांपैकी एक, मँगनीज पेरॉक्सिडेझ, या धातूशिवाय कामच करू शकत नाही. इस्राएलमधील केरेम आणि हदार यांनी कपाशीच्या काड्यांवर वाढवलेल्या धिंगरीत मँगनीज दिल्यावर लिग्निनचे विघटन वाढल्याचे दाखवले, आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये बटन अळिंबीच्या कंपोस्टमध्येही मँगनीजच्या वापराने उत्पादन वाढू शकते असे नोंदवले. पाचट-भुसकटावरील धिंगरीत हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. शुष्क काडाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम मँगनीज हे प्रमाण धरले, तर १०० किलो काडाला १० ग्रॅम मँगनीज लागते आणि बाजारातील मँगनीज सल्फेटमध्ये सुमारे ३० टक्के मँगनीज असल्याने त्यासाठी ३३ ग्रॅम भुकटी पुरते. ती पाच-सात लिटर पाण्यात विरघळवून निथळलेल्या काडावर पंपाने एकसारखी फवारावी. या मात्रेचा खर्च नगण्य आहे. मात्र दुप्पट-तिप्पट मात्रेने दुप्पट लाभ होत नाही, आणि चुना घालून काडाचा सामू ८ वर नेला असेल तर मँगनीज बुरशीला मिळणारच नाही. कोंबडीखताच्या कंपोस्टमध्ये मँगनीज कोंबड्यांच्या खाद्यातून आधीच आलेले असते, तेथे ते वरून देण्याची घाई करू नये.

बटन अळिंबीवर फवारणीच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड देण्याची पद्धत परदेशात आहे. तिने माल घट्ट व पांढरा राहतो, टिकतोही अधिक; वजनात विशेष वाढ होत नाही, आणि मूळचेच खारे पाणी असलेल्या ठिकाणी ती करू नये.

कोणतीही शिफारस, या लेखातील धरून, आपल्या खोलीत पडताळून घ्यावी. त्यासाठी एकाच दिवशी, एकाच काडाच्या आणि एकाच बियाण्याच्या ४० पिशव्या भराव्यात; २० पिशव्यांत खनिज मिसळावे, २० तशाच ठेवाव्यात, आणि दोन्ही प्रकारच्या पिशव्या रॅकवर आलटून पालटून टांगाव्यात, जेणेकरून दाराजवळची हवा किंवा कोपऱ्यातील ओल एकाच गटाच्या वाट्याला येणार नाही. बियाणे खात्रीचे असावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे, तेथे त्याविषयी मार्गदर्शन मिळू शकते. प्रत्येक पिशवीचे भरतानाचे शुष्क काडाचे वजन, पहिले अंकुर दिसल्याचा दिवस आणि तिन्ही काढण्यांचे ताजे वजन वहीत मांडावे. ताज्या अळिंबीच्या वजनाला शुष्क काडाच्या वजनाने भागून शंभराने गुणले म्हणजे जैविक कार्यक्षमता मिळते. एक किलो शुष्क काडापासून ८०० ग्रॅम अळिंबी आली तर ती ८० टक्के झाली. दोन गटांतील फरक चार-पाच टक्क्यांच्या आत असेल तर तो पिशव्यांच्या नैसर्गिक चढउताराचा समजावा, खनिजाचा नव्हे. फरक मोठा दिसला तरी तो एकाच हंगामावरून पक्का न धरता पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा करावा, आणि दुसऱ्या खेपेस तो टिकला नाही तर ते खनिज विकत घेणे थांबवून तोच पैसा गोड्या पाण्याच्या टाकीकडे वळवावा.